बडोद्यात पणजोबांचा माग काढायचाय? असं करा

आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आणि नुसतं नाव नको, पोळ (जुन्या शहरातली गल्ली) कुठली, शाळा कुठली, नोकरी कुठल्या खात्यात होती हे सगळं लिहून घ्या, नाहीतर दफ्तरात गेल्यावर क्लार्क विचारतो साल काय आणि आपण बघत बसतो.

मग महानगरपालिकेचं जन्म-मृत्यू नोंदणी ऑफिस. १९६९ च्या कायद्याने कुणीही शोध फी भरून उतारा मागू शकतं, पण मृत्यूच्या उताऱ्यात कारण देत नाहीत, त्यावरून खिडकीवर भांडू नका. मृत्यू सयाजी हॉस्पिटलात झाला असेल तर तिथल्या रेकॉर्ड रूममध्येही अर्ज द्या. जुने केस पेपर बहुतेक नष्ट केलेले असतात, त्यामुळे मागायचं ते रजिस्टर, आणि तारीख अंदाजे तरी हवीच.

खरी मजा कोठी भागातल्या सरकारी दफ्तर भांडारात. १९४९ मध्ये विलीन झालेल्या बडोदा संस्थानचे कागद तिथे बघायला मिळतात, पण जुने मराठी कागद मोडी लिपीत! मी फोटो घेऊन आले आणि एक अक्षर लागेना, शेवटी ओळखीच्या काकांनी वाचून दिलं. तारखा शक संवताच्या असतील तर ७८ मिळवा (पौष-फाल्गुनात असेल तर बहुधा ७९), विक्रम संवत असेल तर ५६-५७ वजा करा.

शाळेचं जनरल रजिस्टर (मुलांच्या दाखल्याची नोंदवही) विसरू नका हं, सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलेलं, त्यामुळे आजीचंही नाव सापडू शकतं, तेही माहेरच्या आडनावाने.