अ‍ॅडापॅलीनचा नॅनो-जेल: 100 ग्रॅमची बॅच कशी बसवायची

मुरुमांवरच्या नॅनो-जेलचा (औषध लिपिडच्या, म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या, नॅनोमीटर मापाच्या कणांत बसवलेला जेल) प्रोजेक्ट घेतला की पहिल्या दिवसापासून सगळे कण बारीक करायच्या मागे लागतात. त्याआधी औषध लिपिडमध्ये विरघळतंय का ते बघा. अ‍ॅडापॅलीन हे मुरुमांवरचं औषध 320 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, त्यामुळे बीकरमध्ये ते वितळणार नाहीच. विरघळलं तरच कणात बसेल.

3.5 ग्रॅम ग्लिसेरिल मोनोस्टिअरेट आणि 1.5 ग्रॅम ओलेइक अ‍ॅसिड 75 अंशांवर वितळवा. त्यात 100 मिलिग्रॅम अ‍ॅडापॅलीन थोडं थोडं टाका. एक थेंब गरम काचपट्टीवर घेऊन पोलराइज्ड प्रकाशात बघा. चकाकणारे स्फटिक दिसले तर औषध विरघळलेलं नाही, द्रव लिपिड (इथे ओलेइक अ‍ॅसिड) बदला. ते तसेच पुढे रेटले तर सोनिकेटर (ध्वनिलहरींनी कण बारीक करणारं यंत्र) फक्त स्फटिक दळत बसतो.

1 ग्रॅम पोलोक्झॅमर 188 गार पाण्यात विरघळवा (गरम पाण्यात गाठी होतात), 1.25 ग्रॅम ट्वीन 80 घाला; हे दोन्ही लिपिडचे थेंब पाण्यात पसरून ठेवतात. एवढं पाणी घ्या की लिपिड धरून 50 ग्रॅम भरेल. हेही 75 अंशांवर आणूनच लिपिडवर ओता. पाणी गार असेल तर लिपिड होमोजिनायझरच्या दांड्यावरच थिजतं. 10,000 आरपीएमवर 5 मिनिटं होमोजिनायझर, मग 3 मिनिटं सोनिकेटरचा प्रोब (धातूचा दांडा): 10 सेकंद चालू, 5 बंद. प्रोब काचेला टेकू देऊ नका. तळाशी करडी भुकटी दिसली तर ते प्रोबचं टायटॅनियम आहे. गार होईपर्यंत ढवळत राहा.

आता कणांच्या मापाचं. 80 नॅनोमीटर आले म्हणून पेढे वाटायचं कारण नाही. डुकराच्या कानावरच्या प्रयोगांत साधारण 300 ते 600 नॅनोमीटरचे कण केसाच्या मुळाशी सर्वांत खोल गेलेले दिसतात, आणि मुरुम उगवतो तो तिथेच. पीडीआय (कणांच्या मापात किती फरक आहे तो आकडा) 0.3 च्या आत ठेवा.

जेलसाठी 1 ग्रॅम कार्बोपॉल 940 (जेल घट्ट करणारी पावडर) आणि 0.8 ग्रॅम फिनॉक्सीइथेनॉल (टिकवण्यासाठी) शुद्ध पाण्यात घालून 50 ग्रॅम करा आणि रात्रभर भिजवा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघड्या डब्यातलं कार्बोपॉल दमट होऊन वजनाला फसवतं. डबा सिलिका जेलसोबत बंद ठेवा. हे आणि लिपिड कणांचं मिश्रण एकत्र करून ट्रायइथेनॉलअमाइन (आम्लता कमी करणारा द्रव) थेंबाथेंबाने घाला, पीएच 5.5 ते 6 येईपर्यंत. बोअरचं पाणी वापरलं तर त्यातल्या क्षारांनी जेल पातळ पडतो.

अ‍ॅल्युमिनियम ट्यूबमध्ये भरा आणि महिन्याला एकदा जेलचा थेंब तसाच सूक्ष्मदर्शकाखाली बघा. साठवणुकीत मोनोस्टिअरेटची रचना घट्ट होत जाते आणि औषध बाहेर ढकललं जातं. सुईसारखे स्फटिक दिसले की पुढच्या बॅचमध्ये ओलेइक वाढवा.

हा जेल स्वतःच्या किंवा मैत्रिणीच्या चेहऱ्यावर लावून बघायचा नाही, गरोदरपणात तर मुळीच नाही. चाचणी कातड्यावरच. बोकडाचं कातडं कोल्हापुरात कुठल्याही मटणाच्या दुकानात सांगून ठेवलं की मिळतं, पण औषध आरपार किती जातं एवढंच ते सांगेल. केसाच्या मुळासाठी डुकराचा कानच हवा, तोही भाजलेला किंवा गरम पाण्यातून काढलेला नको. जेल लावून ठराविक वेळाने पुसा, चिकटपट्टीने वरचे थर काढा, मग सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदाचा थेंब टाकून काचपट्टी दाबा आणि वाळल्यावर उचला. मुळातला मळ तिला चिकटून येतो. एचपीएलसीवर (मिश्रणातलं औषध वेगळं करून मोजणारं यंत्र) मोजायचं औषध त्यातलं.