जुनी बेसबॉल मॅच बघायची रीत

पहिली गोष्ट, हायलाइट्स बघायचे नाहीत. दहा मिनिटांच्या तुकड्यात सगळे बॅटर होम रनच मारतात (क्रिकेटच्या सिक्सरसारखा थेट बाहेर जाणारा फटका) आणि १९६० काय, २०२० काय, सगळं एकसारखंच दिसतं. खेळ कसा बदलला हे कळतं दोन पिचच्या, म्हणजे पिचरनं टाकलेल्या दोन बॉलच्या मधल्या वेळात, आणि हायलाइट्समधून नेमकं तेच कापलेलं असतं. म्हणून मॅच पूर्ण काढायची. मेजर लीग बेसबॉल, म्हणजे अमेरिकेतली सगळ्यात वरची लीग, तिच्या स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवर कितीतरी जुन्या मॅच अख्ख्या आणि फुकट आहेत.

हे सांगणारा मी कोण? राजारामपुरीत राहणारा निवृत्त क्रीडाशिक्षक. शालेय सॉफ्टबॉलच्या स्पर्धा असल्या की अंपायरचं काम बहुतेक वेळा माझ्याच गळ्यात पडायचं. कोल्हापुरात फुटबॉलसाठी पेठाच्या पेठा शाहू स्टेडियमवर लोटतात, कुस्तीला खासबाग आहेच. सॉफ्टबॉल-बेसबॉलवाले आम्ही कोपऱ्यातले. त्यामुळं माझी नजर अंपायरची आहे, आणि खाली जे सांगतोय त्यात तो कल दिसेलच.

बसताना हाताशी तीन वस्तू ठेवा: वही, पेन्सिल आणि मोबाईलचं स्टॉपवॉच. वहीत स्कोअर लिहायचा. प्रत्येक जागेला नंबर ठरलेला असतो. पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड बेस ४, थर्ड बेस ५, शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्डच्या मध्ये उभा असतो तो) ६, मग लेफ्ट, सेंटर आणि राइट फील्ड ७, ८, ९. शॉर्टस्टॉपनं बॉल उचलून सेकंड बेसवाल्याकडं आणि त्यानं फर्स्टला फेकून दोघांना आउट केलं, म्हणजे डबल प्ले झाला, तर लिहायचं ६-४-३. स्ट्राइकआउट झाला, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बॅटर आउट झाला की इंग्रजी ‘के’, आणि बॅटर बॅट न हलवता बघत उभा राहिला असेल तर तोच ‘के’ उलटा. दोन-तीन इनिंगमध्ये हात बसतो (दोन्ही टीमची एकेकदा बॅटिंग म्हणजे एक इनिंग, मॅचला अशा नऊ). कंटाळवाणं वाटेल, पण मॅच संपल्यावर वही बघितली की टीव्हीनं जे दाखवलं नाही तेही दिसतं. कुठल्या पानावर ‘के’ची गर्दी आहे आणि कुठल्या पानावर जवळजवळ नाहीच, हा बदल तर पहिल्या नजरेत कळतो.

निकाल आधी माहीत असावा की नसावा? माहीत असू द्या. कुस्तीची जुनी फिल्म बघताना कोण चितपट झाला हे ठाऊक असूनही आपण डाव बघतोच की. निकालाची धाकधूक गेली की नजर पायांकडं, ग्लोव्ह्जकडं, अंपायरच्या उभं राहण्याकडं जाते.

आता कुठली मॅच? माझं ठाम मत, १९६० च्या वर्ल्ड सिरीजची, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेची, सातवी मॅच. १३ ऑक्टोबर १९६०, पिट्सबर्गचं फोर्ब्स फील्ड, पिट्सबर्ग पायरेट्स विरुद्ध न्यूयॉर्क यांकीज. त्या काळी चॅनेलवाले टेप पुसून पुन्हा वापरायचे, म्हणून जुन्या मॅच फार थोड्या उरल्या आहेत. वर्ल्ड सिरीजच्या सगळ्या मॅच सलग मिळतात त्या १९७५ पासून. त्याआधीचं जे उरलं ते बरंचसं किनेस्कोप, म्हणजे टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून घेतलेलं चित्रण. ही १९६० ची मॅच वाचली ती गायक-नट बिंग क्रॉस्बीमुळं. हा गडी पायरेट्सचा भागीदार. आपण बघितलं तर टीम हरेल या धास्तीनं तो पॅरिसला जाऊन बसला, पण मॅच फिल्मवर उतरवून घ्यायची सोय मात्र करून गेला. ती रिळं त्याच्या घरच्या वाइनच्या तळघरात पडून होती, ती २००९ मध्ये सापडली.

मॅच पायरेट्सनं १०-९ अशी मारली. एकोणीस रन, होम रन, आघाडी इकडून तिकडं, आणि दोन्ही टीमचा मिळून एकही स्ट्राइकआउट नाही! वही भरली तरी ‘के’ एकदाही लिहावा लागत नाही. आठव्या इनिंगला विशेष सावध बसा. पायरेट्सच्या बिल व्हर्डनचा साधा जमिनीवरचा फटका खडबडीत मैदानावर उसळला आणि यांकीजचा शॉर्टस्टॉप टोनी क्यूबेकच्या गळ्यावर बसला. डबल प्ले व्हायचा तिथं दोघंही सेफ. थोड्या वेळानं रॉबर्टो क्लेमेंटेचा एक अर्धवट फटका फर्स्ट बेसमनकडं गेला आणि यांकीजचा पिचर जिम कोट्स बेस कव्हर करायला वेळेत पोचलाच नाही. त्यानंतर लगेच हॅल स्मिथचा तीन रनांचा होम रन. लोकांना शेवटचा बिल मॅझेरोस्कीचा होम रन आठवतो, पण अंपायरच्या डोळ्यानं बघाल तर मॅच फिरली ती कोट्सच्या न धावलेल्या त्या पावलांत. शाळेतल्या पोरांना मी हेच ओरडून सांगायचो, फटका उजवीकडं गेला की पिचरनं पळायचं.

(याच पिट्सबर्गनं २००८ मध्ये आपल्या उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेक करणाऱ्या पोरांना करारावर घेतलं होतं. वर्ल्ड सिरीज लांब राहिली, पण नातं जोडायला एवढं पुरे.)

इथं स्टॉपवॉच लागतं. जुनी मॅच म्हणजे संथ, असं आपण धरून चालतो. ती एकोणीस रनांची मॅच २ तास ३६ मिनिटांत संपली. २०१६ च्या वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच, शिकागो कब्ज विरुद्ध क्लीव्हलंड, ८-७, दहा इनिंग, मध्ये सतरा मिनिटं पाऊस, धरून चला, पण लागले ४ तास २८ मिनिटं. कुठल्याही इनिंगला घड्याळ लावून बघा. जुना पिचर बॉल हातात आला की टाकतो. २०१६ चा पिचर बॉल चोळतो, मागं फिरतो, टोपी सारखी करतो. बॅटर बॉक्समधून बाहेर येऊन हातमोज्यांच्या पट्ट्या ओढतो. माझा पुतण्या एकदा शेजारी बसला होता, तो वैतागून म्हणाला, “काका, ह्यो टाकणार हाय का न्हाई?” तीच तक्रार अमेरिकेतही होती. नऊ इनिंगच्या मॅचला २०२१ मध्ये सरासरी ३ तास १० मिनिटं लागायला लागली, तेव्हा २०२३ पासून घड्याळच लावलं. बेस रिकामे असतील तर १५ सेकंदांत आणि रनर असेल तर २० सेकंदांत पिच टाकायचं. पुढच्या वर्षी हे २० चे १८ झाले. घड्याळाच्या पहिल्याच मोसमात सरासरी २ तास ४० मिनिटांवर आली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काहीही वेगळं दिसलं की स्वतःला विचारा, हा खेळ बदललाय की कॅमेरा? मॅच जितकी जुनी तितका मुख्य कॅमेरा बॅटर उभा राहतो त्या होम प्लेटच्या मागं, उंचावर. तिथून पिच हळू आणि सरळ येतंय असं वाटतं. आजचा मुख्य कॅमेरा सेंटर फील्डच्या टोकाला, लांब पल्ल्याची लेन्स लावलेला. त्यात पिचर आणि बॅटर एकमेकांना खेटून उभे दिसतात आणि बॉलचं वळण डोळ्यात भरतं. प्रत्यक्षात अंतर १८९३ पासून तेच आहे, ६० फूट ६ इंच. वेग मात्र खरोखर वाढलाय. २००८ च्या सुमारास साध्या फास्टबॉलची सरासरी ताशी ९२ मैलांच्या आसपास होती, आता ती ९४ च्या वर आहे. तेव्हा थोडा भाग कॅमेऱ्याचा, थोडा खरा.

कॅमेऱ्याची गंमत बघायची तर १९७५ ची सहावी मॅच लावा, बोस्टन विरुद्ध सिनसिनाटी. बाराव्या इनिंगला कार्लटन फिस्क डावीकडं उंच फटका मारतो आणि बॉल फाउल, म्हणजे रेषेबाहेर, जाऊ नये म्हणून हात हलवत उड्या मारत राहतो. कॅमेरा बॉलमागं न जाता फिस्कवरच राहिला. सांगतात ते असं, की स्कोअरबोर्डच्या आत बसलेल्या कॅमेरामनच्या पायाशी उंदीर आला होता, त्यामुळं त्याला कॅमेरा फिरवताच आला नाही. त्यानंतर फटक्याबरोबर माणसाचा चेहरा दाखवायची सवय टीव्हीला लागली. आयपीएलमध्ये सिक्सर गेल्यावर बॉलरचं तोंड दाखवतात, ते बघताना मला तो उंदीर आठवतो. कोपऱ्यात सतत दिसणारा स्कोअरसुद्धा बेसबॉलमध्ये १९९६ ला आला. त्याआधी किती आउट झाले हे आपलं आपण लक्षात ठेवायचं, नाहीतर वही.

याच मॅचमध्ये खरा खेळही बदलताना दिसतो. सिनसिनाटीचा मॅनेजर स्पार्की अँडरसन एकामागून एक आठ पिचर वापरतो. त्या काळात लोक त्याची चेष्टा करायचे, कारण चांगल्या पिचरनं नऊ इनिंग पूर्ण टाकायच्या असंच सगळे मानत. त्याच १९७५ मध्ये यांकीजच्या कॅटफिश हंटरनं एकट्यानं ३० मॅच पूर्ण टाकल्या. आज तीस टीम मिळून अख्ख्या मोसमात जेमतेम तेवढ्या होतात. दर दोन इनिंगला ताजा, जोरात टाकणारा पिचर आला की स्ट्राइकआउट वाढणारच. मला स्वतःला जुनं आवडतं, दमलेला पिचर आठव्या इनिंगला डोकं कसं चालवतो ते बघायला मिळतं.

पिचरला बॅटिंग करतानाही बघून घ्या, आता ते दृश्य संपल्यातच जमा आहे. मेजर लीगच्या दोन लीगपैकी अमेरिकन लीगनं १९७३ ला त्याच्या जागी वेगळा बॅटर आणला, २०२२ पासून दोन्ही लीगमध्ये तेच. शिवाय कॅचरची बोटं बघा. मांड्यांच्या मध्ये पिचरला खुणा करायचा तो. २०२२ पासून बटणाचं यंत्र आलं. पळापळ आवडत असेल तर ऐंशीच्या दशकातली सेंट लुईस कार्डिनल्सची कुठलीही मॅच चालेल. १९८५ च्या मोसमात त्यांनी ३१४ बेस चोरले, म्हणजे फटका नसतानाच पळून पुढचा बेस गाठला. मधल्या काळात हे पळणं आटलं होतं. २०२३ ला बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे केले आणि पिचरनं रनरकडं बॉल टाकण्यावर मर्यादा आणली, तेव्हा पुन्हा सुरू झालं.

आणि गालात तंबाखू. जुन्या मॅचमध्ये निम्म्या खेळाडूंचा एक गाल फुगलेला आणि थुंकणं अखंड चालू. आमच्या घरात यावरून, “एवढ्या लांबचं लावून बघताय, ते तर आपल्या स्टँडवर पण दिसतंय,” असं ऐकवलं जातं. नव्यानं लीगमध्ये येणाऱ्यांना २०१७ च्या मोसमापासून बंदी आहे.

शेवटी अंपायर. १९५६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये यांकीजचा पिचर डॉन लार्सननं एकही बॅटर बेसवर जाऊ दिला नाही. त्या मॅचची पहिली इनिंग हरवलेली आहे, पण शेवटचं पिच आहे. अंपायर बेब पिनेलीनं बॅटर डेल मिचेलला तिसरा स्ट्राइक दिला. बॉल बाहेर होता असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पिच थांबवून थांबवून बघा आणि स्वतःचा निर्णय वहीत लिहा, पण मागच्या कॅमेऱ्यावरून उंची कळत नाही एवढं ध्यानात ठेवून. स्ट्राइक झोन, म्हणजे ज्या चौकटीतून गेलेलं पिच स्ट्राइक ठरतं, तोही कायम एक नव्हता. १९६८ ला पिचर बॉब गिब्सनचा ईआरए (नऊ इनिंगमागं पिचरनं दिलेल्या रनांची सरासरी) १.१२ इतका खाली गेला, पिचरांचा फारच वरचष्मा झाला, म्हणून १९६९ ला झोन लहान केला आणि माउंड, म्हणजे पिचर उभा राहतो तो उंचवटा, १५ इंचांवरून १० वर आणला. त्यामुळं ६८ ची मॅच बघताना आजची चौकट मनात लावू नका. २०२६ पासून तर खेळाडूंना अंपायरच्या निर्णयाला मशीनकडं आव्हान देता येतं, प्रत्येक टीमला सुरुवातीला दोन संधी. माझा याला विरोध नाही. फक्त मॅच निवडताना आधी १९५६ ची आणि मग या नव्या पद्धतीची, अशा ओळीनं लावा; उलट्या ओळीनं लावलीत तर बिचाऱ्या पिनेलीला अर्ध्या तासात शिव्या घालाल.