सालीची जाडी मोजताय? आधी घेर लिहा

एमएस्सीच्या प्रबंधाला ‘झाडांचे गुणधर्म आणि ती कुठे वाढतात’ असा विषय घेतला असेल, तर माझी फजिती वाचून मग जंगलात जा.

मी ठाण्याची, म्हणून येऊर निवडलं. झाडं ऐन आणि अर्जुन. दोघंही टर्मिनालिया या एकाच प्रजातीतले (म्हणजे genus), दोघांच्या फळांना पाच पंख, पण अर्जुन ओढ्याचा काठ सोडत नाही आणि ऐन कोरड्या उतारावर खुशाल उभा. येऊर म्हणजे सव्हाना (विरळ झाडांचा गवताळ प्रदेश) नव्हे, पानझडी जंगल आहे. पण उतारावर गवत असतं आणि उन्हाळ्यात ते पेटतं, त्यामुळे सव्हानातला प्रश्न इथेही विचारता येतो: कुठल्या झाडाची साल त्याला आगीपासून जास्त वाचवते? आफ्रिकेतल्या सव्हानात याच प्रजातीतला टर्मिनालिया सेरीसिया वाळूची जमीन धरून असतो. वनखात्याची परवानगी आधी काढा. त्यात महिने जातात, रडू नका.

आता माझा खड्डा. पहिल्या उन्हाळ्यात मी साठ झाडांच्या सालीची जाडी मोजली. अर्जुन सरासरी १२ मिलिमीटर, ऐन ८. म्हणजे ओढ्याकाठच्या झाडाला आगीपासून जास्त संरक्षण! मी त्यावर दोन पानं स्पष्टीकरणही लिहिलं. चूक कुठे होती? माझे अर्जुन १२० सेंटिमीटर घेराचे म्हातारे होते आणि ऐन जेमतेम ३० सेंटिमीटरचे. साल खोडाबरोबर जाड होत जाते. घेरावरून काढलेल्या व्यासाशी तुलना केली तर अर्जुनाची साल साधारण तीन टक्के भरते आणि ऐनाची आठ टक्क्यांच्या वर. सगळं चित्रच उलटं!

हे नीट समजून घ्या. गवताची आग जमिनीलगत असते, ती मोठ्या झाडाला फारसं काही करत नाही. मरतं ते पोर. साल दुप्पट जाड झाली की आतल्या कॅम्बियमपर्यंत (खोड वाढवणारा जिवंत थर) झळ पोचायला साधारण चौपट वेळ लागतो. म्हणून रोप लहान असताना, पुढचा वणवा यायच्या आत, किती भराभर साल चढवतं हाच खरा प्रश्न. त्याचं उत्तर म्हाताऱ्या झाडांच्या सरासरीत सापडत नाही. प्रत्येक नोंदीशेजारी घेर लिहा, आणि कितव्या उंचीवर मोजला तेही. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी फाटलेली असते. उंचवट्यावर एक आकडा येतो, भेगेत दुसरा. दोन्ही घ्या.

हे मला गाइडने सांगितलं नाही. त्यांचा व्हॉट्सॲपवर अंगठा आला होता. सांगितलं ते सोबत फिरणाऱ्या वनरक्षकाने: “लहान-मोठं एकत्र कशाला मोजता, मॅडम?” माझं मत विचाराल तर पहिला महिना असल्या माणसाबरोबर फिरावं.

‘ट्राय’ या जगभरच्या वनस्पतींच्या गुणधर्मांच्या डेटाबेसमधून आकडे उचलून रिकामे रकाने भरायचा मोह मलाही झाला होता. पण दुसऱ्या देशातल्या झाडाची साल येऊरच्या वणव्याबद्दल काय सांगणार? आणखी एक, झटकन सांगते: जवळच्या नात्यातल्या जाती आकडेमोडीत स्वतंत्र धरू नका, त्या नात्यामुळेही सारख्या असू शकतात. जीवशास्त्रज्ञ फेल्सनस्टाइन यांनी १९८५ मध्येच हे दाखवून दिलंय.

घाबरू नका, वर्ष वाया जात नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात मी ३० ते ४० सेंटिमीटर घेराचे अर्जुन शोधत फिरले. सात मिळाले. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक म्हणाले, “फक्त सात?”

“ओढ्यावर तेवढेच होते, सर.”