माध्यमिक शाळेत गणित शिकवायचंय? विद्यापीठातली वर्षं अशी वापरा

सराव पाठांच्या पहिल्याच आठवड्यात एका मुलीने मला विचारलं, "सर, उणे गुणिले उणे अधिक का होतं?" मी गणिताची पदवी घेऊन वर्गात उभा होतो. मी म्हणालो, "तो नियम आहे, लक्षात ठेव." तिने मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं. रात्री दुसऱ्या दिवसाचं पाठ टाचण लिहिताना मला आठवलं की या प्रश्नाचं उत्तर मी परीक्षेत लिहून आलो होतो. अमूर्त बीजगणितात वलय (बेरीज आणि गुणाकाराचे ठरावीक नियम पाळणारी रचना) शिकवायला घेतलं की पहिल्या काही प्रमेयांतच ते येतं. सिद्धता मला पाठ होती. ती या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आहे, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांच्या सुरुवातीला नेमकं हेच दुखणं मांडलं होतं. विद्यार्थी विद्यापीठात येतो तेव्हा शाळेच्या गणिताशी त्याचा संबंध तुटतो. शिक्षक होऊन शाळेत परततो तेव्हा विद्यापीठाच्या गणिताशी तुटतो, आणि तो जुन्या पद्धतीनेच शिकवत राहतो. क्लाइन याला दुहेरी तुटलेपण म्हणत. शंभरहून अधिक वर्षं झाली तरी हा तुटलेला सांधा बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यालाच जोडून घ्यावा लागतो. तो विद्यापीठात असतानाच कसा जोडायचा, ते पायरीपायरीने सांगतो.

पायरी १ : मार्ग आणि मान्यता आधी तपासा

शिक्षक होण्याचे ढोबळ मार्ग दोन. पहिल्यात गणित आणि शिक्षणशास्त्र एकाच पदवीत बरोबरीने शिकता येतं. दुसऱ्यात आधी गणिताची पदवी आणि मग शिक्षणशास्त्राची. पहिल्यात वर्गाशी ओळख लवकर होते, दुसऱ्यात गणितासाठी जास्त वेळ मिळतो. जिथे शिकवायचं आहे तिथले पात्रतेचे नियम, किमान गुण, पात्रता परीक्षा आणि अनिवार्य विषय प्रवेश घेण्यापूर्वी अधिकृत कागदावर वाचा. सीनियर सांगतात त्यावर विसंबू नका, कारण नियम बदलतात.

पायरी २ : प्रत्येक पेपरचा शाळेतला धागा शोधा

हे सगळ्यांत मोठं काम आहे, आणि ते पहिल्या सत्रापासून सुरू करायला हवं. एक जाड वही घ्या. डाव्या पानावर विद्यापीठात शिकलेली गोष्ट लिहा, उजव्या पानावर शाळेतली ती जागा, जिथे ही गोष्ट गुपचूप काम करत असते. उजवं पान रिकामं राहिलं तर तो भाग अजून पुरता कळलेला नाही असं समजा.

नमुना म्हणून वर्गसमीकरण घेऊ. क्ष² − ५क्ष + ६ = ०. अवयव पाडले की (क्ष − २)(क्ष − ३) = ०, म्हणून क्ष म्हणजे २ किंवा ३. शाळेत ही पायरी झरझर लिहिली जाते. आता हेच समीकरण सहा तासांच्या घड्याळात सोडवा. म्हणजे संख्या फक्त ० ते ५, आणि ६ झाले की पुन्हा ०. २ आणि ३ या उकली आहेतच, पण क्ष = ० घेतला तर डावी बाजू ६, म्हणजे या घड्याळात ०. क्ष = ५ घेतला तर २५ − २५ + ६, पुन्हा ०. एका वर्गसमीकरणाला चार उकली! असं झालं कारण या घड्याळात २ × ३ = ० आहे. दोन्ही संख्या शून्य नसूनही गुणाकार शून्य. 'गुणाकार शून्य असेल तर एक तरी अवयव शून्य असतो' हे वाक्य आपण श्वासासारखं वापरतो, पण तो आपल्या नेहमीच्या संख्यांचा एक खास गुणधर्म आहे. हे एकदा हाताला लागलं की (क्ष − २)(क्ष − ३) = ६ लिहून 'म्हणून क्ष − २ = ६' असं पुढे जाणाऱ्या मुलाला काय समजावायचं हे आपोआप सुचतं. त्याने शून्याचा गुणधर्म सहाला बहाल केलेला असतो.

असे धागे सगळीकडे आहेत. वास्तव विश्लेषणात मर्यादा शिकाल तेव्हा उजव्या पानावर लिहा: ०.९९९… हे १ च का आहे, १ च्या जवळपास का नाही. संख्या सिद्धांतात शेषांचं अंकगणित आलं की ९ आणि ११ च्या विभाज्यतेच्या कसोट्या लिहा. १० ला ९ ने भागलं तर १ उरतो, म्हणून ९ साठी अंकांची नुसती बेरीज चालते. १० हा ११ पेक्षा एकाने कमी, म्हणून तिथे बेरीज-वजाबाकी आलटून पालटून करावी लागते. रेषीय बीजगणितात एकसामयिक समीकरणं: उकल कधी एकच, कधी एकही नाही, कधी अनंत, आणि आलेखावर ते कसं दिसतं. भूमितीत कोनाचे तीन समान भाग. कंपास आणि खुणा नसलेल्या पट्टीने ६०° च्या कोनाचे असे भाग करता येत नाहीत हे फ्रेंच गणितज्ञ पिएर वांत्झेल यांनी १८३७ साली सिद्ध केलं. वर्गातला एखादा हुशार मुलगा हमखास 'मी करून दाखवतो' म्हणत येतो. त्याला गप्प करू नका. त्याची रचना जवळपास बरोबर का येते आणि नेमकी कुठे घसरते, हे त्याच्याबरोबर बसून शोधण्यासारखा तास दुसरा नाही.

संभाव्यता आणि संख्याशास्त्राकडे मात्र गणिताचे विद्यार्थी तुच्छतेने बघतात, आणि त्याचं मला वाईट वाटतं. मध्य, मध्यक आणि बहुलक काढायला सूत्रं पुरतात. यातला कोणता कधी वापरावा हे खरी, वेडीवाकडी आकडेवारी हाताळल्याशिवाय कळत नाही. एक तरी प्रकल्प असा करा की ज्यात माहिती तुम्ही स्वतः गोळा केली आहे.

फक्त जास्त पेपर घेऊन भागत नाही, हेही सांगायला हवं. अमेरिकेतले गणितज्ञ एडवर्ड बेगल यांनी १९७० च्या दशकात उपलब्ध अभ्यास तपासले, तेव्हा शिक्षकाने वरच्या पातळीचं किती गणित शिकलं आहे आणि त्याच्या वर्गातली मुलं किती शिकतात, यांत साधा सरळ संबंध सापडला नाही. पुढे १९८६ मध्ये शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी वेगळ्या प्रकारच्या ज्ञानाकडे लक्ष वेधलं: विषय येणं वेगळं, आणि तो विषय दुसऱ्याला कळेल अशा रूपात आणता येणं वेगळं. कोणतं उदाहरण आधी घ्यायचं, मूल कुठे अडेल, कोणती आकृती काढायची, हेही ज्ञानच आहे आणि ते शिकता येतं.

पायरी ३ : शाळेची पुस्तकं पुन्हा सोडवा

पदवीच्या दुसऱ्या वर्षात माध्यमिक वर्गांची गणिताची पुस्तकं पुन्हा आणा आणि प्रत्येक प्रकरणातली निवडक उदाहरणं किमान दोन रीतींनी सोडवा. एक रीत सूत्राची, दुसरी चित्राची किंवा नुसत्या तर्काची. 'अपूर्णांकाने भागताना उलटा करून गुणा' हे सूत्र न वापरता ३ ÷ १/२ समजावून बघा: तीनमध्ये अर्धे किती बसतात? सहा. मग २/३ ÷ ३/४ साठी गोष्ट तयार करा. इथे बरेच जण अडखळतात, मीही अडखळलो होतो. एक वाट अशी: दोन्ही अपूर्णांकांचा छेद १२ करा. आता आठ-बारांश भागिले नऊ-बारांश. बारांश हे दोन्हीकडे एकच माप, म्हणून उत्तर ८/९.

पायरी ४ : मुलांच्या चुका जमवा

चुकीमागे बहुतेक वेळा मुलाने स्वतः बनवलेला नियम असतो. ०.३५ हे ०.४ पेक्षा मोठं, कारण ३५ हे ४ पेक्षा मोठे. (अ + ब)² म्हणजे अ² + ब², कारण (अ × ब)² मध्ये तसं चालतं. ८ + ४ = □ + ५ या चौकटीत मुलं १२ लिहितात, कारण त्यांच्या मते '=' म्हणजे 'आता उत्तर लिहा'. चौरस हा आयत नाही, कारण तो आयतासारखा दिसत नाही. भूमितीतल्या अशा अडचणींचा माग काढत डीना आणि पिएर व्हॅन हीले या डच दांपत्याने १९५७ मध्ये भूमितीतल्या विचाराच्या पातळ्या मांडल्या. मूल आधी आकार नुसता ओळखतं, मग त्याचे गुणधर्म बघतं आणि नंतर त्या गुणधर्मांची एकमेकांशी सांगड घालतं. सिद्धतेची गोडी त्यानंतरची.

चुका मोठ्यांच्याही असतात. 'एका प्राध्यापकामागे सहा विद्यार्थी आहेत, समीकरण लिहा' असं विचारलं की अनेक जण ६ × विद्यार्थी = प्राध्यापक असं लिहितात. अमेरिकेत केलेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातल्या एक तृतीयांशाहून अधिक विद्यार्थ्यांचं उत्तर चुकलं. वाक्यातला शब्दांचा क्रम जसाच्या तसा समीकरणात उतरवला की हे होतं.

आणखी एक गोष्ट प्रत्येक छात्रशिक्षकाला माहीत असायला हवी. १९७३ मध्ये शिक्षण-संशोधक स्टॅन्ली एर्लवांगर यांनी बेनी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुलाबद्दल लिहिलं. तो स्वतःच्या गतीने, चाचण्या देत देत गणित शिकत होता आणि त्याची प्रगती बरी मानली जात होती. समोर बसवून बोलतं केलं तेव्हा कळलं की तो २/१० हे दशांशात १.२ लिहितो, अंश आणि छेदाची बेरीज १२ म्हणून. त्याच्या मते गणित म्हणजे कुणीतरी ठरवलेले शेकडो नियम, आणि उत्तर पुस्तिकेशी जुळेपर्यंत ते बदलत राहायचे. गुण बघून हे दिसलं नसतं. म्हणून विद्यापीठात असतानाच दोन-तीन मुलांना नियमित शिकवा आणि प्रत्येक उत्तरानंतर, बरोबर असलं तरी, विचारा: "हे तू कसं केलंस?" उत्तर त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा, मुलाचं नाव न लिहिता.

पायरी ५ : गणिताचा इतिहास थोडा तरी वाचा

धन आणि ऋण हे आपले रोजचे शब्द. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये मिळकत आणि कर्ज याच भाषेत ऋण संख्यांचे नियम लिहिले, ऋण गुणिले ऋण धन हा नियमसुद्धा. पण त्यानेच शून्य भागिले शून्य हे शून्य असंही लिहून ठेवलं. पुढे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' म्हटलं आणि ती अनंत मानली. एवढे मोठे लोक जिथे चाचपडले, तिथे चौदा वर्षांचं मूल अडलं तर शिक्षकाचा आवाज चढण्याचं कारण नाही.

पायरी ६ : वर्गात उभं राहायचा सराव

सूक्ष्म अध्यापनापासून सुरुवात करा: पाच-सात मिनिटं, मोजके श्रोते, आणि एकाच कौशल्यावर लक्ष. ही पद्धत १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात घडली. सगळ्यांत आधी थांबण्याचा सराव करा. शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांच्या अभ्यासांत दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांब होतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, वर्गात ते फार मोठे भासतात. मनातल्या मनात मोजा.

फलकलेखन आधी कागदावर आखा. जपानी शिक्षक शक्यतो तासभर फळा पुसत नाहीत. मुलांच्या वेगवेगळ्या रीती शेजारी शेजारी लिहिल्या जातात आणि तासाच्या शेवटी पूर्ण विचार एका नजरेत दिसतो. तिथे पाठाभ्यासाचीही जुनी परंपरा आहे: काही शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एक जण शिकवतो, बाकीचे मुलांकडे बघतात, आणि नंतर चर्चा होते ती पाठावर. सराव पाठांच्या काळात दोन मित्रांना घेऊन हे सहज करता येतं. निरीक्षकाने दिलेल्या शेऱ्यापेक्षा "तिसऱ्या बाकावरच्या मुलाने तुझी दुसरी पायरी उतरवलीच नाही" हे वाक्य मला नेहमी जास्त उपयोगी पडलं.

पायरी ७ : साधनं

जिओजेब्रा शिका. मोफत आहे, आणि बिंदू ओढला की आकृती बदलते पण गुणधर्म टिकतो, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं. स्प्रेडशीट चांगली यायला हवी. पायथनसारखी एखादी भाषा थोडीफार आली तर उत्तम. एवढं पुरे.

पायरी ८ : छात्रसेवाकालात 'उद्या सांगतो' म्हणा, आणि उद्या सांगा

उत्तर येत नसेल तर ते कबूल करा, प्रश्न विचारणाऱ्याचं नाव घेऊन फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि दिलेला शब्द पाळा. मी त्या मुलीकडे पुढच्या आठवड्यात परत गेलो. फळ्यावर लिहिलं: (−३) × (४ + (−४)) म्हणजे (−३) × ०, म्हणजे शून्य. कंस सोडवला की (−३) × ४ अधिक (−३) × (−४). पहिला भाग −१२. बेरीज शून्य व्हायची तर दुसरा भाग १२ च असायला हवा.

तिने बराच वेळ फळ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "पण (−३) × ४ हे −१२ कशावरून? चार वेळा उणे तीन हे कळतं. उणे तीन वेळा चार म्हणजे काय?"

मी वहीचं उजवं पान उघडलं आणि तिचा प्रश्न लिहून घेतला.