नव्या घरात गरम पाण्याचा टायमर घेताना

सोलापुरात घर तापवायचं यंत्र कुणी घेत नाही. आपल्याकडे तापवायचं ते आंघोळीचं पाणी. म्हणून परदेशी व्हिडिओंतला भिंतीवरचा, घराचं तापमान सांभाळणारा स्मार्ट थर्मोस्टॅट डोक्यातून काढून टाका. जुळे सोलापूर, होटगी रोड भागात नव्या बांधकामांची वायरिंग करताना मी मालकांना आधी विचारतो, गच्चीवर पाणी तापवायचा सोलर बसणार का? बसणार असेल तर बॅकअप कॉइलची, म्हणजे ऊन नसताना सोलरच्या टाकीतलं पाणी विजेवर तापवणाऱ्या कॉइलची वायर गिलाव्याआधीच टाकून घ्या, स्वतंत्र एमसीबीवर (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच). नंतर भिंत फोडावी लागते.

खरी गोम या बॅकअपमध्येच आहे. टाकीतला थर्मोस्टॅट तापमान बघतो, वेळ बघत नाही. रात्री गरम पाणी वापरलं, टाकीत गार पाणी शिरलं, की कॉइल लगेच चालू होते आणि पहाटेपर्यंत सगळी टाकी तापवून ठेवते. मग दिवसभराच्या उन्हाला काम काय उरलं? एवढं ऊन फुकट मिळत असताना हे मला बघवत नाही.

उपाय म्हणजे टायमर. २००० वॅटची कॉइल २०० लिटर पाणी तासाला आठ-नऊ अंशच चढवते. पावसाळ्यात ढग असतील तेव्हा पहाटे साडेचारला चालू, सहाला बंद, एवढं लावा. उन्हाळ्यात एमसीबी पाडूनच ठेवा.

टायमर आतल्या बॅटरीचाच घ्या. बिनबॅटरीचा टायमर लाईट गेली की थांबतो. दोन तास लाईट नसेल तर साडेचारचं पाणी साडेसहाला तापायला लागतं. फोनवरून चालवायचं असेल तर स्मार्ट स्विच १६ अँपिअरचा हवा. २००० वॅटला जवळपास ९ अँपिअर लागतात. १० अँपिअरचा प्लग काठावर चालतो, तापतो आणि पिना काळ्या पडतात. बऱ्याच स्मार्ट स्विचना न्यूट्रलही (करंटची परतीची वायर) लागतो, तो बोर्डात आणायला वायरमनला आधीच सांगा.

बाथरूममध्ये नुसता १५ लिटरचा गीझर असेल तर वायफायवर पैसे घालू नका, वीस मिनिटांत पाणी तापतं. त्यापेक्षा बाहेरून फिरवता येणारा थर्मोस्टॅट बघून घ्या आणि ५५ ते ६० अंशांवर ठेवा. बोअरचं पाणी जड असेल तर त्यापुढे कॉइलवर पांढरा थर फार लवकर धरतो.

आणि टायमर साधा घ्या नाहीतर महागडा, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग असल्याशिवाय गीझरचं बटण दाबू देऊ नका.