इटालो डिस्कोची रिइश्यू कशी पारखायची आणि गोव्याच्या पावसात कशी जगवायची

भाच्याने परवा विचारलं, मामा 'प्रोब्लेम दामूर'ची ओरिजिनल घेऊ की रिइश्यू, म्हणजे नंतर परत छापलेली (दामू नव्हे, दामूर, फ्लॉरेन्सच्या अलेक्झांडर रोबॉटनिकचं 1983 चं गाणं; इटालो डिस्को म्हणजे ऐंशीच्या दशकातलं इटलीचं सिंथेसायझरवालं नाचाचं संगीत), मी म्हटलं आधी तुझा पगार सांग. नवीन माणसाने ओरिजिनलचा नाद करूच नये असं माझं मत आहे. ही सगळी क्लबात वाजवायलाच काढलेली बारा इंची सिंगल्स, डीजेंनी घासून घासून दमवलेली, आणि विकणाऱ्याचं 'मिंट' (म्हणजे कोरी करकरीत) आणि आपलं 'मिंट' यात म्हापसा ते पणजी एवढं अंतर. रिइश्यूच घ्या, फक्त पारखून घ्या. कारण रिइश्यू म्हणून तीन वेगवेगळ्या गोष्टी खपवतात: खऱ्या मास्टर टेपवरून (स्टुडिओतली मूळ टेप) कट केलेली, म्हणजे खाचा कोरलेली, चांगल्या डिजिटल फाइलवरून केलेली, आणि कोणाची तरी जुनी रेकॉर्ड वाजवून, ती रेकॉर्ड करून परत छापलेली. पहिल्या दोन चालतात. तिसरी मी घेतलीय म्हणून सांगतो.

कोरं पाकीट फोडलं, सुई ठेवली आणि पहिला किक (ड्रमचा ठोका) पडायच्या आधीच खर्र खर्र. म्हटलं धूळ असेल, पुसली, परत तेच, त्याच जागी, तेवढंच. म्हणजे ती खरखर माझ्या रेकॉर्डवर नव्हतीच, ज्या जुन्या कॉपीवरून छापली तिची होती! मग मोबाइलचा टॉर्च लावून लेबल बघितलं तर अक्षरांच्या कडा फुटलेल्या, फोटोचा फोटो काढल्यासारख्या. मागे लायसन्स कोणाकडून घेतलं त्याची ओळच नाही. हे सगळं घेण्याआधी बघायचं असतं, मी नंतर बघितलं.

तर घेण्याआधी डिस्कॉग्जवर (रेकॉर्डांची यादी ठेवणारी वेबसाइट) त्या गाण्याच्या सगळ्या आवृत्त्या काढा. 'अनऑफिशियल' लिहिलं असेल तर विषय संपला. नाहीतर रनआउटचा फोटो मागवा, म्हणजे शेवटची खाच आणि लेबल यांच्यामध्ये जी गुळगुळीत पट्टी असते तिथे कोरलेले नंबर आणि खुणा, आणि ते डिस्कॉग्जवरच्या नंबराशी जुळवा. कट करणाऱ्याची सही पण कधी कधी तिथेच असते. चांगली लेबलं, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्या, मास्टरिंग (छापण्याआधीची आवाजाची शेवटची तयारी) कोणी केलं ते कव्हरवरच छापतात, सॅन फ्रान्सिस्कोच्या डार्क एंट्रीजच्या कितीतरी रेकॉर्डांवर बर्कलीच्या फँटसी स्टुडिओचं आणि जॉर्ज हॉर्नचं नाव दिसेल. अशी ओळ दिसली की मी निम्मा निर्धास्त.

दुसरं म्हणजे एका बाजूला किती गाणी कोंबलीत ते मोजा. एका बाजूला एकच सहा-सात मिनिटांचं गाणं, 45 आरपीएम (मिनिटाला 45 फेरे), म्हणजे खाचा रुंद, बेसला जागा मोकळी. तेच चार गाणी 33 वर घुसवली की बेस बारीक होतो आणि लेबलजवळ जाता जाता 'स' फाटायला लागतो. 180 ग्रॅमच्या स्टिकरला भुलू नका, वजनाने आवाज सुधारत नाही, कुरियरचं बिल तेवढं वाढतं.

कुरियरवरून आठवलं, कस्टम ड्यूटी रेकॉर्ड अधिक शिपिंग अशा एकूण किमतीवर बसते, त्यामुळे एकेक मागवणं मूर्खपणा, चार-पाच जणांनी मिळून एकच पार्सल करा. घरात कोणी तारवटी (बोटीवर नोकरी करणारा) असेल तर सोन्याहून पिवळं, फक्त रेकॉर्ड बॅगेत आडवी टाकू नको म्हणून बजावून ठेवा.

माझ्या मावसभावाने शिपवरून येताना अमेरिकेतला जुना बेल्टवाला टर्नटेबल आणला. 110 व्होल्टचा म्हणून ट्रान्सफॉर्मर लावला, आणि 120 बीपीएमचं (मिनिटाला 120 ठोके) गाणं 100 वर वाजायला लागलं, मला वाटलं ही कुठली तरी स्लो आवृत्ती असेल, आठवडाभर तशीच ऐकली! ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. तिथे 60, आपल्याकडे 50, एसी मोटर तेवढी हळू फिरते. डीसी मोटर किंवा क्वार्ट्झवाल्या डायरेक्ट ड्राइव्हला (बेल्ट नाही, मोटर थेट तबकडी फिरवते) हा त्रास नाही.

आता पाऊस. हणजूणच्या (अंजुना) पार्ट्यांत ऐंशीच्या दशकात डीजे कॅसेटवर वाजवायचे ते उगाच नाही, इथल्या उन्हाधुळीत रेकॉर्डचा पापड होतो. एप्रिलमध्ये बंद गाडीत तर पाच मिनिटं पण ठेवू नका. आणि मिरग लागायच्या आधी जसं पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरतो तशी रेकॉर्डांची पण तयारी करायची. बाहेरून आवळलेलं श्रिंक रॅप फाडून टाका, ते आकसतं आणि रेकॉर्ड वाकते. कागदी आतली पाकिटं काढून अँटीस्टॅटिक घाला. रेकॉर्डा उभ्याच ठेवा, पावसाच्या बाजूच्या भिंतीला टेकवू नका, मध्ये सिलिका जेल. कपड्यांच्या कपाटात आपण बल्ब लावतो तो इथे नको, जवळच्या दोन रेकॉर्डा वाकल्याच समजा.

एवढं करून पण बुरशी येतेच. पांढरे ठिपके दिसले की ती रेकॉर्ड आधी बाकीच्यांपासून लांब करा, मग डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ मायक्रोफायबर, खाचांच्या दिशेने गोल गोल, लेबलवर पाणी नाही. नंतर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने परत एकदा, आणि पंख्याखाली उभी करून वाळवा, उन्हात नाही. थोडं आयसोप्रोपिल घातलं तरी विनाइलला चालतं, पण आजोबांच्या 78 च्या लाखेच्या तबकड्यांना चुकूनसुद्धा लावू नका, लाख विरघळते.

आणि भाच्या, रोबॉटनिकच्या आधी चरणजित सिंगची 1982 ची, डिस्को बीटवर दहा रागांची रेकॉर्ड ऐक. मुंबईचा माणूस, 808 (ड्रम मशीन) आणि 303 (बेसचा सिंथेसायझर) घेऊन बसलेला, आणि 2010 मध्ये ती रिइश्यू कोणी काढली तर बॉम्बे कनेक्शन नावाच्या डच लेबलने. माझी कॉपी चवथीनंतर ने, तोवर कपाट उघडणार नाही.