ब्रिटनमध्ये गाडी चालवताना: पुढे सायकल असेल तर

ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या मंडळींना गाडी चालवण्याची फारशी धास्ती नसते. इथेही रहदारी डावीकडून, स्टिअरिंग उजवीकडे. भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिने चालतं, त्यामुळे बरेच जण लगेच गाडी रस्त्यावर काढतात. राउंडअबाउटची सवय लवकर होते. सायकलला ओव्हरटेक करणं मात्र वर्ष उलटलं तरी अनेकांना जमत नाही. त्यात दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे, म्हणून त्याबद्दलच सविस्तर लिहितेय.

आधी हॉर्नचं. आपल्याकडे मागून येताना हॉर्न देणं हा शिरस्ता आहे, ट्रकच्या पाठीवर तशी विनंतीच रंगवलेली असते. इथे सायकलच्या मागे हॉर्न वाजवला की तो ‘बाजूला हो’ असाच ऐकू येतो. शिवाय माणूस दचकतो, मागे वळून बघतो, आणि उजवीकडे मान वळवली की सायकलही उजवीकडेच झुकते, म्हणजे तुमच्या गाडीकडे. तेव्हा हॉर्न नको.

आता अंतर. २९ जानेवारी २०२२ पासून हायवे कोडमध्ये, म्हणजे इथल्या रहदारीच्या अधिकृत नियमपुस्तकात, आकडा स्पष्ट दिलेला आहे: ताशी ३० मैलांपर्यंत वेग असेल तर सायकलपासून निदान १.५ मीटर लांबून जायचं, वेग जास्त असेल तर आणखी लांबून. गाडीचं डावं दार सताड उघडलं आणि त्यापुढे हातभर जागा उरली, तर साधारण तेवढं होतं. एवढी जागा मिळत नसेल तर मागेच राहायचं, हेही त्याच नियमात आहे.

हे अंतर प्रत्यक्षात किती होतं ते एकदा मोजून बघा. सायकलस्वाराने फुटपाथच्या कडेपासून निदान अर्धा मीटर आत चालवावं अशी सूचना आहे. त्याचं उजवं हँडल धरून ०.८ मीटर झाले. त्यात १.५ मीटर मोकळी जागा, आणि आरशांसकट तुमची गाडी जवळपास २ मीटर. बेरीज ४.३ मीटर. इथली लेन बहुतेक ठिकाणी ३ ते ३.५ मीटरची असते. म्हणजे सायकलवाला अगदी कडेला असला तरी तुम्हाला मधली रेघ ओलांडावीच लागते. समोरून गाडी येत असताना ‘बसेल की’ म्हणून मधून काढायची सोय इथे नाहीच.

हा हिशेब कळला की रविवारी सकाळी दिसणाऱ्या जोडीजोडीने जाणाऱ्या सायकलींचा रागही येणार नाही. सरे परगण्यातल्या बॉक्स हिलचा रस्ता २०१२ च्या ऑलिंपिक सायकल शर्यतीत होता, तिकडे सुट्टीच्या दिवशी असे गट हमखास भेटतात. दोघांनी शेजारी शेजारी चालवायला परवानगी आहे. पलीकडच्या लेनमध्ये तुम्हाला जायचंच आहे. आठ जण दोन रांगांत असले तर गटाची लांबी निम्मी होते आणि तुमचं ओव्हरटेक लवकर आटोपतं.

एकटा सायकलवाला लेनच्या मधोमध चालवत असेल तर तो मुजोरी करतोय असं समजू नका. अरुंद जागेत, चौकाजवळ, रहदारी हळू असताना मधोमधच चालवावं असं हायवे कोड सांगतो, आणि इंग्लंडमधल्या अनेक शाळांत बाइकेबिलिटी नावाच्या सायकल-प्रशिक्षणाच्या वर्गात मुलांनाही तेच शिकवतात. रस्त्याच्या मध्ये पादचाऱ्यांसाठी बेट असतं तिथे तर लेन अचानक आवळते. बेट दिसलं की ओव्हरटेकचा विचार सोडा, ते गेल्यावर बघा.

रस्ता किती लांब मोकळा हवा? सायकल ताशी १५ मैल आणि तुम्ही २५ मैल धरा. वीसेक मीटर मागून सुरुवात करून पुरेसं पुढे जाऊन परत डावीकडे यायला सुमारे ७ सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही जवळजवळ ८० मीटर गेलेले असता, आणि समोरून ३० मैलांनी येणारी गाडी ९० हून जास्त. म्हणून वळणावर किंवा चढाच्या माथ्याजवळ पुढचं दिसत नसताना कधीही निघू नका. मागे थांबताना अंतर ठेवा, खालचा गिअर टाका, मोकळा रस्ता दिसला की आरसा बघून, इंडिकेटर देऊन पूर्ण पलीकडे जा. सायकल मधल्या आरशात अख्खी दिसल्याशिवाय डावीकडे परतू नका.

दोन सलग पांढऱ्या रेघा असतील तर? सायकल ताशी १० मैल किंवा त्याहून हळू असेल आणि समोरचा रस्ता मोकळा असेल, तर ती रेघ ओलांडता येते. त्याहून वेगात असेल तर थांबा.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे ओव्हरटेक करून लगेच डावीकडे वळणं. तुम्हाला वाटतं सायकल मागे पडली, पण ती अजून तुमच्या डाव्या दाराशी असते. विजेवरच्या सायकलीला मोटर १५.५ मैलांपर्यंत साथ देते, उतारावर साध्या सायकलीही त्याहून जोरात जातात. डावं वळण जवळ आलं असेल तर सायकलला पुढे जाऊ द्या आणि मग वळा.

पोलिसांचंही सांगते. हल्ली बरेच सायकलस्वार हेल्मेटवर कॅमेरा लावतात आणि पोलीस ते चित्रण स्वीकारतात. वेस्ट मिडलंड्स पोलीस तर २०१६ पासून साध्या कपड्यांत सायकलवर बसून जवळून जाणाऱ्यांना पकडतात. निष्काळजी चालवल्याबद्दल सहसा १०० पौंड दंड आणि लायसन्सवर ३ पॉइंट. इथली परीक्षा पास झाल्यावर पहिल्या दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्स रद्द होतं आणि परीक्षा पुन्हा पहिल्यापासून द्यावी लागते. पुण्या-मुंबईत पंधरा वर्षं गाडी चालवलेली असली तरी या हिशेबात तुम्ही नवेच.

गाडी उभी केल्यावरही लक्ष असू द्या. उजवीकडे बसलेल्याने दार डाव्या हाताने उघडायचं, म्हणजे अंग आपोआप वळतं आणि मागून येणारी सायकल दिसते. डावीकडच्यांनी उजव्या हाताने. मागे मुलं बसत असतील तर त्यांना ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.